तुमची पहिली सरकी कोणती?

१० जून २०१९. मृग नुकताच लागलेला. अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावात ललित बहाळे यांच्या वावरात हजारावर शेतकरी जमले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी सरकी टोबली. सरकी होती एचटीबीटी. म्हणजे जिच्या झाडावर तणनाशक फवारलं तरी झाड मरत नाही आणि जिला सरकारची परवानगी नाही, अशी. तेव्हा पर्यावरण संरक्षण कायद्याखाली याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. तरीही शेतकरी संघटनेने हा कायदेभंग उघड उघड केला. पुढे गुन्हेही दाखल झाले.

नवं तंत्रज्ञान म्हटलं की पोरं पुढे आणि म्हातारी माणसं मागे, असं आपण धरून चालतो. मोबाइलपुरतं ते खरंही आहे. पण त्या कायदेभंगात आघाडीवर होते ते संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्या काळापासून छातीवर लाल बिल्ला लावत आलेले कार्यकर्ते. जनुक बदललेल्या बियाण्यासाठी तुरुंगात जायला तयार झालेली ही माणसं काही कालची पोरं नव्हती.

तेव्हा जैवतंत्रज्ञानाबद्दल कोणाचं मत काय असेल, हे त्याच्या वयावरून ताडायला जाऊ नका. आमच्या वऱ्हाडात एकच प्रश्न पुरतो. तुम्ही स्वतःच्या हाताने लावलेली पहिली सरकी कोणती?

शेणात घोळलेली, रंगात बुडवलेली

ऐंशीच्या घरातल्या आबाजींची पहिली सरकी बहुतेक देशी. एके-२३५ सारखी, अकोल्यातच निवडलेली. जिनातून आणलेल्या सरकीला बारीक लव चिकटलेली असायची आणि दाणे एकमेकांत गुंतायचे. म्हणून पेरणीआधी ती शेणामातीच्या काल्यात घोळायची, तळहाताने चोळायची, सावलीत सुकवायची. मग कुठे दाणा दाणा सुटा व्हायचा आणि सरत्यातून सरळ खाली उतरायचा. बी घरातून काढायचं असतं, दुकानातून नाही, हे त्या पिढीच्या हातांना माहीत होतं.

साठी ओलांडलेल्या काकांना विचारा. ते पटकन म्हणतील, पीकेव्ही हायब्रिड-टू. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने हे वाण १९८१ मध्ये दिलं आणि वऱ्हाडभर त्याचं राज्य झालं. संकरित कापूस ही मुळात भारताने जगाला दिलेली गोष्ट आहे. जगातलं पहिलं व्यापारी संकरित वाण एच-४ हे १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून आलं, डॉ. सी. टी. पटेल यांच्या हातून. या बियाण्यासाठी एकेका फुलातले पुंकेसर बोटांनी खुडायचे आणि दुसऱ्या झाडाचं परागकण त्यावर लावायचं. इतकं नाजूक काम लाखो फुलांवर करायला माणसं आपल्याकडेच होती.

चाळिशी-पन्नाशीतल्यांच्या आठवणीत एक तारीख पक्की हवी : २६ मार्च २००२. त्या दिवशी केंद्राच्या समितीने बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कापसाला परवानगी दिली. त्यामागच्या कंपन्यांतली एक आपल्या जालन्याची महिको. बद्रीनारायण बारवाले यांनी ती १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बीटीचं पहिलं पाकीट साडेचारशे ग्रॅमचं होतं आणि किंमत सोळाशे रुपयांच्या आसपास. इतकं महाग बी वऱ्हाडाने कधी पाहिलं नव्हतं. २००६ मध्ये आंध्र प्रदेशाने दाद मागितली आणि किंमत साडेसातशेवर आली.

आणि पंचविशीतला नातू? त्याने बीटी सोडून दुसरा कापूस क्वचितच पाहिलाय. देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटीच आहे. त्याच्या लेखी ते तंत्रज्ञान नाही, नुसतं कापूस आहे. २०२४च्या मे महिन्यात अकोल्यात ठराविक बीटी वाणासाठी कृषी केंद्रांसमोर रणरणत्या उन्हात रांगा लागल्या. त्या रांगेत जीएम, म्हणजे जनुक बदललेलं बी, चांगलं की वाईट, हा वाद नव्हता. पाकीट मिळतं की नाही, एवढाच घोर होता.

'हायब्रीड' ही शिवी कशी झाली

साठच्या दशकात संकरित ज्वारी आली. पोटं भरली, पण जुन्या माणसांना त्या भाकरीत चव सापडेना. तिथून हा शब्द जो घसरला तो आजतागायत. कोणी लवकर थकलं, लवकर आजारी पडलं, की म्हातारी माणसं म्हणतात, "हायब्रीड खाल्लेली पिढी!" एका बियाण्याबद्दलचं मत अख्ख्या पिढीला चिकटलं, असं दुसरं उदाहरण मला मराठीत आठवत नाही. विशेष म्हणजे ज्या काकांना तरुणपणी हा टोमणा ऐकावा लागला, तेच आज नातवाला सांगतात की आमचं हायब्रिड-टू होतं ते खरं बी, हे तुमचं बीटी काही खरं नाही.

आपल्या जवानीत जे बी पिकलं ते अस्सल वाटतं. त्यानंतरचं सगळं संशयास्पद. यात कोणाची चूक नाही. माणसाने पहिली कमाई ज्या बियाण्यावर केली, ज्यावर घराला कौलं चढली किंवा बहिणीचं लग्न झालं, त्या बियाण्याशी त्याचं नातंच निराळं असतं.

उगवत नाही म्हणे!

बीटीची सरकी पुन्हा पेरली तर उगवतच नाही, ती 'वांझ' केलेली असते, हे वाक्य पारावर अजून ऐकू येतं. खरं काय? ती उगवते. बीटीचं बी संकरित असतं, म्हणून पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत, उत्पन्नाचा भरवसा राहत नाही. हे हायब्रिड-टूच्या बाबतीतही तसंच होतं. बी उगवूच नये अशी 'टर्मिनेटर' नावाची युक्ती अमेरिकेत १९९८ मध्ये पेटंट झाली होती, पण ती बाजारात कधीच आली नाही. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलियात बीटी कापूस मुख्यतः सरळ वाणात आहे. दरवर्षी नवं संकरित बी घेण्याची पद्धत ही प्रामुख्याने आपली.

मूळचा जपानी, नाव जर्मन

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा जिवाणू. त्याचंच जनुक बीटी कापसात घातलेलं असतं. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशमाचे किडे पटापट मरत होते, तेव्हा तो प्रथम सापडला. १९११ मध्ये जर्मनीच्या थुरिंजिया भागात पिठातल्या अळीत पुन्हा सापडला आणि त्या भागाचं नाव त्याला मिळालं. याच जिवाणूची फवारणी सेंद्रिय शेतीतही चालते. त्याचं प्रथिन अळीच्या आतड्यात विरघळतं आणि आतड्याला भोकं पाडतं. माणसाच्या आतड्यात त्याला धरून ठेवणारी जागाच नसते.

हिरवी पाहिलेला आणि गुलाबी पाहिलेला

माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथे आहे.

नव्वदच्या दशकात ज्याने पऱ्हाटी केली, त्याने हिरवी बोंडअळी पाहिली आहे. फवाऱ्यावर फवारे मारायचे, औषध बदलायचं, दोन औषधं एकत्र करायची, तरी सकाळी बोंडात अळी हजर. हातपंपाने पाठीवर वळ उठलेले, घरात औषधाचा वास, उधारीच्या वहीत कृषी केंद्राचं पान भरलेलं. अशा माणसाच्या वावरात बीटी आलं आणि हिरवी अळी जवळपास दिसेनाशी झाली. त्याच्या नजरेत बीटीने त्याला वाचवलं. पुढे काय बिघडलं ते सांगा, तो ऐकून घेईल, पण त्या दोन-चार वर्षांचं ऋण तो विसरणार नाही.

आता २०१५ नंतर शेती हातात घेतलेल्या त्याच्या मुलाकडे या. त्याने हिरवी पाहिलीच नाही. त्याने पाहिली गुलाबी, २०१७ची. त्या वर्षी विदर्भभर बीटीच्या बोंडात गुलाबी बोंडअळी निघाली. पऱ्हाटी बाहेरून हिरवीगार, बोंडं भरलेली. फुलं मात्र नीट उमलत नव्हती. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या मिटल्या कळीसारख्या राहत. याला आपल्याकडे डोमकळी म्हणतात. ती पाकळी अलगद सोडवली की आत इवलीशी अळी बसलेली. बोंड फोडलं की कापूस पिवळा, किडका, सरकी पोखरलेली. असल्या कापसाला भाव नाही आणि मजूर वेचायला तयार नाहीत. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली.

बाप म्हणतो बीटीने तारलं, मुलगा म्हणतो बीटीने बुडवलं. जेवायला एकाच ताटलीशी बसणारी ही दोन माणसं. दोघंही डोळ्यांनी पाहिलेलंच सांगताहेत. मधल्या काळात अळी बदलली. एका जनुकाच्या पहिल्या बीटीला, म्हणजे बोलगार्ड-एकला, गुलाबी अळी दाद देत नाही, हे गुजरातमध्ये २०१० पर्यंत उघड झालं होतं. पुढे दोन जनुकांच्या बोलगार्ड-दोनचीही तीच गत झाली. या फरकाला 'पिढीचं अंतर' म्हणून झटकून टाकणं मला मान्य नाही. हे अळीच्या दोन जातींमधलं अंतर आहे.

पाकिटातलं छोटं पाकीट

अळी इतक्या लवकर का सोकावली, याचं एक कारण आपल्या धुऱ्यावर पडलेलं होतं. बीटीच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत एकशेवीस ग्रॅमचं आणखी एक छोटं पाकीट यायचं, नॉन-बीटीचं. ते वावराच्या कडेने लावायचं. त्यावर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटीला न जुमानणाऱ्या पतंगांशी जुळतात आणि सोकावलेली वंशावळ पातळ होते. विज्ञान एवढंच. पण अळीसाठी मुद्दाम पीक लावा, हे ऐकून कितीतरी जणांनी ते पाकीट कोठीत टाकलं, कुणी त्यातून नांग्या भरल्या, कुणी उकिरड्यावर फेकलं.

म्हाताऱ्या माणसांना ही कल्पना अधिक पटण्यासारखी होती असं मला राहून राहून वाटतं. पऱ्हाटीच्या कडेने अंबाडी, मध्ये तुरीची ओळ, कुठे चवळी, कुठे ज्वारी, अशी त्यांची लावण. वावर एकाच पिकाने भरायचं नसतं, थोडं इतर जिवांचंही असतं, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. पण बीटी समजावून सांगायला कंपनीचा माणूस गावात आला तो तरुण शेतकऱ्याला शोधत. ओट्यावरच्या आबाजींना कोणी विचारलंच नाही.

आता नॉन-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून येतं, पाकीट ४७५ ग्रॅमचं झालंय. फेकायची सोयच उरली नाही.

चोर बीटी आणि बायांची कंबर

एचटीबीटीला वऱ्हाडात 'चोर बीटी' म्हणतात. मागच्या दाराने येतं, पावती मिळत नाही, उगवलं नाही तर दाद कोणाकडे मागणार? तरी ते लावलं जातं आणि याचं उत्तर निंदणात आहे.

निंदण हे बायांचं काम. पावसाळाभर चिखलात उकिडवं बसून, विळा किंवा खुरपं घेऊन, ओळ संपेपर्यंत सरकत जायचं. साठीतल्या कोणत्याही शेतमजूर बाईला गुडघ्याबद्दल विचारा, ती निंदणाचीच गोष्ट सांगेल. तिची सून निंदायला तयार नाही, नात तर नाहीच. ऐन हंगामात माणसं मिळत नाहीत आणि तण थांबत नाही. अशा वेळी एका फवाऱ्यात तण मरतं, ही गोष्ट तरुण शेतकऱ्याला सुटका वाटते. ज्या बाईचं घर निंदणाच्या मजुरीवर चालतं, तिच्या दृष्टीने मात्र तोच फवारा हातातलं काम नेणारा. गुडघे वाचले पण मजुरी गेली, हे दोन्ही एकाच बाईच्या बाबतीत खरं असू शकतं.

या फवाऱ्यातलं ग्लायफोसेट हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कर्ककारक' गटात टाकलं. अमेरिका आणि युरोपच्या नियामक संस्थांचं मत वेगळं आहे. आपल्याकडे केंद्राने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर बंधनं आणली. मला विचाराल तर चोर बीटीचा सर्वांत मोठा धोका त्याच्या चोरपणात आहे. उघड चाचणी नाही, लेबल नाही, कोणी जबाबदार नाही.

आजीच्या माठातलं जीएम

"आम्ही नाही बाई ते जीएम-बीएम खात," असं म्हणणाऱ्या आजीला मधुमेह असेल, तर ती ते रोज टोचून घेते!

पूर्वी इन्सुलिन डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढत. मग माणसाचं इन्सुलिन-जनुक जिवाणूत घालून ते बनवता येऊ लागलं आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जनुक बदलून बनवलेलं बाजारात आलेलं जगातलं हे पहिलं औषध. २००३ मध्ये वोखार्ट कंपनीने वोसुलिन नावाने भारतीय बनावटीचं असं इन्सुलिन आणलं. म्हणजे बीटी कापूस आणि हे इन्सुलिन आपल्या घरात जवळपास बरोबरच शिरले. एक वावरातून आलं, एक औषधाच्या दुकानातून. एकावर मोर्चे निघाले, दुसऱ्याबद्दल कोणी ब्र काढला नाही.

इन्सुलिनला गारवा लागतो आणि अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो. ज्या घरी फ्रीज नाही किंवा दिवसातून चार वेळा वीज जाते, तिथे ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ती कुपी असते. वर ओलं फडकं. आजी सकाळी उठून आधी फडक्यावर पाणी शिंपडते, मग चहाचं आधण ठेवते. जगातलं अतिप्रगत जैवतंत्रज्ञान आणि कुंभाराचं मडकं एकमेकांना असं सांभाळतात.

लशीचंही तेच. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती आणि अचलपूर शहरांत कोरोनामुळे पुन्हा टाळेबंदी लागली. राज्यात इतर ठिकाणी बरीच मोकळीक होती तेव्हा. आठवड्याभरात, १ मार्चला, साठीच्या वरच्यांचं लसीकरण सुरू झालं. पुण्याच्या सीरमने बनवलेली कोविशिल्ड म्हणजे चिंपांझीच्या सर्दीचा विषाणू, जनुकं बदलून निरुपद्रवी केलेला. सर्वसामान्य लोकांमध्ये ती आधी घेतली म्हाताऱ्यांनी. अठरा वर्षांवरच्या पोरांना मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं.

एका काळची दोन माणसं

वयावरून मत ठरतं म्हणणाऱ्याला मी नेहमी ही दोन नावं सांगतो.

शरद जोशी, जन्म १९३५. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती केली, शेतकरी संघटना उभी केली. २००१ मध्ये गुजरातेत विनापरवाना बीटी कापूस सापडला आणि सरकार तो जाळायला निघालं, तेव्हा सहासष्ट वर्षांचा हा माणूस त्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. जगातलं कोणतंही तंत्रज्ञान वापरायचं स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवं, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत टिकली.

सुभाष पाळेकर, जन्म १९४९, अमरावती जिल्ह्यातलं बेलोरा. कृषीचं शिक्षण घेतलं, सुरुवातीला रासायनिक शेती केली, उत्पन्न घटताना पाहिलं आणि उलट वाटेने निघाले. देशी गाईचं शेण-गोमूत्र, जीवामृत, घरचं बी. २०१६ मध्ये पद्मश्री. जीएम बियाण्याला त्यांच्या शेतीत जागा नाही.

दोघंही शेतकऱ्याच्या कर्जाने अस्वस्थ झालेले. एकाला वाटलं बेडी सरकारी बंधनांची आहे, दुसऱ्याला वाटलं बाजारच्या निविष्ठांची. वऱ्हाडात दोघांचेही चेले आहेत आणि प्रत्येक वयाचे आहेत.

अमेरिकेत उलटी गंगा

प्यू या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अमेरिकनांना विचारलं, जीएम अन्न तब्येतीला वाईट का? तिशीच्या आतल्या जवळपास निम्म्यांनी हो म्हटलं. पासष्टीच्या वरच्यांत दहात तीनच जणांनी. म्हणजे तिथे साशंक आहेत ती पोरं! याच संस्थेने २०१९-२० मध्ये वीस देशांत विचारलं, तेव्हा भारतात ५८ टक्क्यांनी जीएम अन्न असुरक्षित म्हटलं. रशियात हा आकडा सत्तरवर होता.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने ग्राहकांना विचारलं, ज्या अन्नात डीएनए आहे त्यावर तसं लेबल सक्तीचं असावं का? ८० टक्के म्हणाले, हो. आता डीएनए नाही असा भाजीपाला आणायचा कुठून? आपल्या ताटातल्या मेथीतही तो असतो. युरोपात १९९६ मध्ये विचारलं होतं, साध्या टोमॅटोत जनुकं नसतात आणि फक्त जीएम टोमॅटोत असतात, हे खरं का? बरोबर उत्तर देणारे साधारण एक तृतीयांश निघाले. याबाबतीत आपण आणि साहेब एकाच बाकावर आहोत.

ही मंडळी जीएम नाहीत

बिनबियांचं टरबूज जीएम नाही. गुणसूत्रांचे संच वाढवून केलेल्या संकराची ती करामत आहे. अकोट, अंजनगाव सुर्जीकडची 'टिश्यूची' जी-नाइन केळीही जीएम नाही. एका चांगल्या झाडाच्या पेशींपासून काचेच्या बाटलीत वाढवलेली ती हुबेहूब रोपं. वरुड-मोरशीचा संत्रा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून करतात, तोही नाही. पारावर या तिघांनाही सर्रास जीएम म्हणतात. पोरंही म्हणतात, आबाजीही म्हणतात.

वांग्याला नाही, ढेपेला हो

२०१० च्या जानेवारीत बीटी वांग्यावर नागपुरात जनसुनावणी झाली. देशातल्या सात ठिकाणांपैकी ते एक. फेब्रुवारीत पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती आणली, ती अजून उठलेली नाही. बांगलादेशात मात्र २०१४ पासून बीटी वांगं शेतात आहे.

जो शेतकरी बीटी कापसासाठी रांग लावतो, तोच वांग्याला नको म्हणतो. कापूस अंगावर घालायचा आणि वांगं पोटात जायचं, हा त्याचा हिशेब. रोडग्यासोबतची वांग्याची भाजी हा आमच्याकडे जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा ही भावना मला समजते. पण कापसातून सरकी निघते, सरकीचं तेल निघतं, फरसाणात जातं; उरलेली ढेप म्हैस खाते आणि दूध आपण पितो. सरकी ढेपेचा वायदे बाजारातला सौदा ज्या शहराच्या नावाने चालतो, ते शहर अकोलाच आहे. वीसेक वर्षं हे चालू आहे.

पुढची पंगत

४ मे २०२५ ला केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक-संपादित भाताची दोन वाणं जाहीर केली, कमला आणि पुसा डीएसटी राइस-१. यात दुसऱ्या जिवाचं जनुक घातलेलं नाही. भाताच्याच जनुकात बारीक फेरफार केलाय. २०२२ मध्येच अशा वाणांना जीएमच्या कडक नियमांतून सूट मिळाली होती. आज पाळण्यात असलेल्या बाळांना ही वाणं आपल्या काकांच्या हायब्रिड-टूइतकीच जुनी वाटतील.

कापूस फुटला की वेचणीआधी वऱ्हाडात सीतादही करतात. वावरात दहीभाताचा नैवेद्य, पहिल्या फुटल्या बोंडाची पूजा. देशी गेली, हायब्रीड आलं, बीटी आलं, हा रिवाज तसाच आहे. यंदा सीतादहीला घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला वावरात न्या. त्यांनी लावलेली पहिली सरकी कोणती, कोणत्या साली, किती फवारे लागले, किती पिकली, हे विचारा आणि वहीत लिहून घ्या. मग तेच प्रश्न घरातल्या सगळ्यांत लहान शेतकऱ्याला विचारा आणि खालच्या ओळीत लिहा.